जिराफ बाजूने आला

आमच्या फ्रीमाँटच्या मराठी ग्रुपमध्ये कुठेही जायचं म्हटलं की आधी खाणं ठरतं आणि मग ठिकाण. त्या उन्हाळ्यात तिखटमिठाच्या पुऱ्या आणि दहीबुत्ती ठरली, आणि त्यानंतर सफारी. आफ्रिकेतली नव्हे. उत्तरेला, द्राक्षांच्या मळ्यांपलीकडच्या टेकड्यांवर कुणीतरी आफ्रिकेतले प्राणी मोठाल्या मोकळ्या माळांवर ठेवले आहेत, तिथे बाजूंनी उघड्या ट्रकमधून फिरवतात. आमच्या ग्रुपचे एक उत्साही काका आहेत, रिटायर्ड इंजिनीयर. त्यांनी बस ठरवली आणि मला फोन करून सांगितलं, "आईंना घेऊनच यायचं. त्यांची सीट धरली आहे."

आई नाही म्हणत होती. "मला काय दिसणार आहे? उगाच एक सीट वाया."

ती अमरावतीहून आली तेव्हा एअरपोर्टवर ट्रॉली ढकलत माझ्या समोरून सरळ पुढे निघून गेली होती. मी हाक मारली तशी आवाजाच्या दिशेने वळली आणि हसली. तिच्या डोळ्यांच्या पडद्याचा नेमका मधला भाग झिजला होता आणि हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. कडेचं तिला दिसायचं, मधलं पुसल्यासारखं व्हायचं. म्हणजे ज्याच्याकडे बघावं तोच नाहीसा. औषधाने फरक पडायची वेळ निघून गेलेली. इथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला एक युक्ती सांगितली होती. समोरच्या माणसाच्या थेट तोंडाकडे बघू नका, त्याच्या कानापलीकडे बघा, मग चेहरा कडेला येतो आणि बराचसा दिसतो. सरावाने जमतं.

आईने हे साफ धुडकावून लावलं. जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलेली बाई ती. 'माझ्याकडे सरळ बघून बोल' हे तिने किती पोरांना सांगितलं असेल याला गणती नाही. "माणूस समोर उभा आणि मी तिसरीकडेच बघू? लोक म्हणतील, बाईंना शिंगं फुटली. मला नाही जमायचं ते." मी समजावलं, मग ओरडले, मग न्हाणीघरात जाऊन रडले. महिनाअखेरीस ती परत जाणार होती, एकटी राहणार होती. हे जमलं नाही तर ती हळूहळू घराबाहेर पडणंच सोडून देईल, हे मला स्पष्ट कळत होतं. आताच ती माणसं आवाजावरून ओळखायची आणि दिसल्याचं नाटक करायची. तिच्यासारख्या बाईने नाटक करावं याचा मला फार राग यायचा.

तर अशी आम्ही निघालो. आई, मी आणि कॉलेजातून सुट्टीवर आलेली माझी मुलगी. बसमध्ये अंताक्षरी झाली, पुऱ्या पोचायच्या आधीच निम्म्या संपल्या. फाटकाशी गाइड भेटली, खाकी शर्टातली उंच, तरतरीत मुलगी. तिने नियम सांगितले आणि काकांनी ते मागे वळून ज्येष्ठांसाठी मराठीत मोठ्याने सांगितले, "टोप्या, ओढण्या, खाऊ, सगळं पिशवीत! प्राणी ओढून नेतील!" सगळ्यांनी निमूटपणे सगळं आत टाकलं. आईने अंगणातल्या कुंडीतला मोगरा ओवून अंबाड्यावर माळला होता. त्याच्याकडे कुणाचं लक्षही गेलं नाही. गजरा ही काढून ठेवायची वस्तू आहे, असं आमच्यात कुणाला सुचणार?

ट्रक टेकडी चढून वर आला आणि पलीकडचा माळ एकदम उघडा पडला. वाळलेलं सोनेरी गवत, मधूनमधून ओकची काळपट झाडं, आणि त्या गवतातून झेब्र्यांचा कळप निघालेला. ट्रकमधली बडबड आपोआप थांबली. आमचा ग्रुप गप्प बसलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. पुढे वळणावर गेंडा होता. तारेच्या कुंपणापलीकडे, हाताच्या अंतरावर म्हणावं इतका जवळ. त्याच्या नाकपुड्यांतून श्वास बाहेर पडला की जमिनीवरची धूळ उडायची. एवढा जीव आणि इतका स्वस्थ! मी लहानपणापासून चित्रांत, टीव्हीवर गेंडा पाहत आले, पण त्याच्यापुढे आपण किती किरकोळ आहोत हे त्यात कुठेच कळलं नव्हतं. माझे डोळे भरून आले. का, ते सांगता येणार नाही.

"आजी, लुक! सो क्लोज!" माझी मुलगी म्हणाली.

"हो, हो. छान आहे," आई म्हणाली. ती गेंड्याकडे अगदी सरळ बघत होती. शाळेत फळ्याकडे बघावं तशी, ताठ मानेने. म्हणजे तिला काहीही दिसत नव्हतं. मी तिचा हात धरला, तिने तो हलकेच सोडवून घेतला.

मग जिराफ आले. दोन होते, उजव्या बाजूला एका झाडाशी. गाइडने ट्रक थांबवला. सगळे त्या बाजूला वळले, फोन वर झाले. जिराफ चालताना एका अंगाचे दोन्ही पाय एकदम टाकतो, त्यामुळे तो चालतोय असं न वाटता सगळा माळच संथ डुलतोय असं वाटतं. मीही भान हरपून तिकडेच बघत होते. आई डाव्या टोकाला बसली होती आणि इतरांसारखं तिनेही तोंड जरासं उजवीकडे केलं होतं.

तिसरा जिराफ मागून डावीकडून आला. इतकं मोठं जनावर, पण पावलांचा आवाज नाही. मला आधी ऐकू आलं ते आईचं हळूच म्हटलेलं "अगंबाई."

मी वळले. जिराफाचं डोकं तिच्या डाव्या खांद्यापुढे उतरलं होतं. आमच्या कपाटाएवढी मान वर कुठवर गेली होती ते ट्रकच्या छपरामुळे दिसतही नव्हतं. आई जागची हलली नाही. ती उजवीकडेच बघत होती, पण तिच्या तोंडावरचं ते नाटकी हसू गेलं होतं.

"पापण्या," ती म्हणाली. "केवढ्या लांब पापण्या आहेत गं याच्या!"

सवयीने तिने मान वळवून त्याच्याकडे सरळ पाहिलं. "गेला," ती म्हणाली. मान पुन्हा उजवीकडे नेली. "आला!" मग ती तेच करत राहिली. गेला, आला. गेला, आला. लहान मुलं पडद्याआडून करतात तसं, आणि तिच्या अंगावर काटा फुललेला मला दिसत होता. "डोळ्यात आभाळ दिसतंय त्याच्या. अख्खं आभाळ! मी पोरांना जिराफ शिकवला गं, तक्त्यावर छडी ठेवून शिकवला. हे कुठे होतं तक्त्यात?"

तेवढ्यात जिराफाने जांभळी-काळी, हातभर लांब जीभ काढली आणि आईच्या अंबाड्यावरचा मोगरा एका झटक्यात पुसून नेला.

ट्रकमध्ये एकच कल्लोळ झाला. गाइड धावत आली, आकडे-पिना त्याच्या तोंडात गेल्या का, हे तिने आईच्या केसांत बोटं घालून तपासलं. आकडे जागेवर होते, ओला दोरा मानेवर लोंबत होता. काका कपाळाला हात लावून म्हणाले, "यार, गजरा सांगायचा राहिलाच!" आई हसत होती. इतकी हसत होती की तिला बोलता येईना.

दुपारी आम्ही झाडाखाली सतरंजी घालून जेवायला बसलो. मी नेहमीसारखी तिच्या समोर बसले आणि तिच्या पानात दहीबुत्ती वाढली. ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या कानापलीकडे, दूर टेकडीवर कुठेतरी तिची नजर होती. जिराफ शोधत असेल म्हणून मीही मागे वळून पाहिलं.

"वळू नकोस," ती म्हणाली. "इकडे तोंड कर."

मी तोंड समोर केलं. ती बराच वेळ टेकडीकडेच बघत राहिली.

"किती पांढरे झालेत गं तुझे केस. कधी झाले?"

"दोन वर्षं झाली असतील, आई."

दोन वर्षं ती दर रविवारी व्हिडिओ कॉलवर मला 'छान दिसतेयस' म्हणत आली होती. मी पान पुढे सरकवायला वाकले, तर तिने माझं मनगट धरलं.

"हलू नकोस," ती म्हणाली. "अजून बघू दे."