तंबूतली गायिका आणि माझी तोंडी परीक्षा

माझी शाळा नववीत सुटली. परीक्षा म्हटलं की मी अजून पळवाट शोधतो. आणि फ्रँकफर्टच्या हॉटेलात कढया हलवता हलवता मला चक्क जर्मनची परीक्षा द्यायची होती. पास झालो तर इथे कायमचं राहता येणार होतं. नापास, तर पुन्हा तीच फाईल, तीच रांग, आणि बायकोचं तेच विचारणं, "अहो, या वर्षी तरी होईल ना?"

मला तारलं वरच्या मजल्यावरच्या आजींनी. त्या निवृत्त नर्स. आता मुलीकडे ड्रेस्डेनला असतात. तेव्हा दुपारी तीन ते पाच हॉटेल बंद असायचं, त्या वेळात मी डब्यात वरण घेऊन त्यांच्याकडे जायचो. त्या ग्रामोफोनवर जुन्या तबकड्या लावायच्या. शंभर वर्षांपूर्वीची एक अमेरिकन काळी गायिका त्यांची फार लाडकी होती. पहिल्यांदा ऐकताना माझ्या तोंडून "वा!" निघून गेलं, तर आजींनी ओठांवर बोट ठेवलं. इथे गाणं संपेपर्यंत दाद गिळून बसायचं असतं.

तोंडी परीक्षेत आवडीच्या विषयावर चार मिनिटं बोलायचं होतं.

"वरणाबद्दल बोलू?" मी विचारलं.

"वरण तू दोन वाक्यांत संपवशील. हिच्याबद्दल बोल."

मग त्यांनी तिची गोष्ट सांगितली. आईबाप लहानपणीच गेले. नऊ वर्षांची पोर चौकात उभं राहून गायची. पुढे गावोगाव फिरणाऱ्या तंबूतल्या खेळांत शिरली, आधी कपडे धुवायला, मग गायला. ते ऐकताना मला आमच्या जत्रेतला तमाशाचा फड आठवला, कनातीच्या भोकाला डोळा लावून पाहिलेला. तिच्या तबकड्या घरोघर गेल्या. मग मंदी आली, तबकड्या थांबल्या, आणि ती बाई कितीतरी वर्षं लोकांच्या घरी स्वयंपाक करत राहिली. म्हातारपणी कुणीतरी शोधून काढली आणि पुन्हा गायला उभी केली. तिला वाचता येत नव्हतं. दुसऱ्याने गाणं वाचून दाखवायचं, हिने ऐकून पाठ करायचं.

"मग मीही तसंच करतो," मी म्हणालो. लिहिलेलं जर्मन पाहिलं की मला घाम फुटायचा. आजी बोलायच्या, मी ऐकायचो, भांडी घासताना म्हणायचो. पाढ्यांसारखं घोकलं. एक श्वास इकडचा तिकडे नाही.

परीक्षेला समोर दोन बायका. मी सुरू केलं. छान चाललं होतं. तंबू झाला, तबकड्या झाल्या, आणि त्याच सुरात मी म्हणालो, "थांब जरा, सुई उचलते, आणि तू चहा घे, गार होतोय."

दोघी माझ्याकडे बघत राहिल्या. आजींचं ते मधलं बोलणंही मी पाठ केलं होतं! पुढचं सगळं पुसलं गेलं.

"कसली सुई?" एकीने विचारलं.

आता घोकलेलं काहीच उरलं नव्हतं. मग मोडकंतोडकं, माझं माझंच बोललो. आजींची सुई, दुपारचा चहा, ती न वाचता येणारी गायिका, ती स्वयंपाक करायची, मीही करतो, माझी शाळा सुटली, हे सगळं मी कानाने शिकलो. मध्येच "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे "बरोबर, बरोबर", म्हणत होतो, कुणी विचारलेलं नसताना. एक बाई हसली. दुसरी लिहीत राहिली. ती काय लिहितेय या धास्तीने मी पुढचे चार आठवडे नीट जेवलो नाही.

पत्र आलं ते न फोडताच मी वर नेलं. आजींनी चष्मा लावून वाचलं. दोनदा वाचलं.

"पास. बोलण्यात सर्वांत जास्त गुण."

मी त्यांच्या पाया पडलो. त्या दचकून मागे सरल्या, पत्राची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"म्हणजे आता दुपारी यायची गरज नाही तुला."

"वरची परीक्षा असते ना अजून एक."

"ती कायमचं राहायला लागत नाही."

"मला लागते," मी म्हणालो. त्यांनी तबकड्यांची पेटी उघडली आणि तिची तबकडी शोधायला लागल्या.