मामांच्या फ्रीजमधला गॅस

आभाळातल्या ओझोनला पडलेलं भोक आपण एकट्याने, चामराजपेटेत बसून पाडलं, अशी ठाम समजूत असलेला माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच आहे, आणि ते म्हणजे माझ्या बायकोचे मामा. मामा जुने फ्रीज-मेकॅनिक. तरुणपणी गिऱ्हाइकाच्या फ्रीजची नळी तोडून गॅस फुस्सकन हवेत सोडायचे. लोक गोटी सोडासुद्धा इतक्या सहज फोडत नाहीत. मग एका प्रोफेसर गिऱ्हाइकाने चहा पिता पिता सांगितलं की हा गॅस वर जाऊन ओझोन खातो. तेव्हापासून मामा खुर्चीला टेकलेले कोणी पाहिले नाहीत. खिशात दाढीचा ब्रश आणि साबण. गार हवा लागली की यंत्राच्या मागे जाऊन नळ्यांना फेस फासायचा, गळतीचा बुडबुडा येतो का बघायचं. आमच्या लग्नात नवरीला बोहल्यावर आणायला मामा सापडेनात. ते हॉलच्या एसीची दाढी करत होते.

त्या जुन्या गॅसचा एकच फ्रीज आता त्यांच्या माहितीत उरला होता, त्यांचा स्वतःचा. त्यातला गॅस सिलिंडरमध्ये उतरवून घ्यायचा, फुंकरभरसुद्धा बाहेर जाऊ द्यायचा नाही, एवढीच त्यांची शेवटची इच्छा. गेल्या महिन्यात तो बंद पडला. दोन दिवस शोधाशोध करून मामा सिलिंडर आणायला इंदिरानगरला धावले. सिलिंडर कवटाळून परत आले, तेव्हा मी मामींकडे चहा घेत होतो.

"फ्रीज कुठाय?"

"दिला मार्केटमागच्या भंगारवाल्याला. दोन दिवस वास मारत होता."

मामा आल्या पावली वळले. मी मागे. रिक्षावाल्याने सिलिंडरकडे बघून विचारलं, "भरलेला आहे का, अण्णा?"

"रिकामा आहे, म्हणून तर घाई आहे. स्वल्प, जरा जोरात घे."

पोचलो तेव्हा फ्रीज आडवा पडला होता. भंगारवाला तांब्याची नळी गुंडाळत होता. "आत्ताच कापली, अण्णा. फुस्स झालं जरा."

मला वाटलं, आता मारामारी होणार. मामांनी फक्त कापलेल्या टोकावर अंगठा धरला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

परतताना म्हणाले, "जावईबापू, या गॅसला वर पोचायला वर्षं लागतात. मी तरुणपणी सोडलेले कितीतरी अजून तिथेच फिरत असतील. हा एक तरी अडवायचा होता."

प्रत्येक सिग्नलला ते रिक्षातून डोकं बाहेर काढून वर बघत होते. मीही बघितलं. आभाळ स्वच्छ निळं होतं. काही झाल्याचं त्याच्या गावीही नव्हतं.