मामांच्या विहिरीतली भरती

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. माझं कामच चिखलात हात घालायचं. खाडीकाठच्या तिवरांखाली, म्हणजे खारफुटीखाली, किती कार्बन साठलाय, ते मी मोजते. तिथं पाला गाळात गाडला जातो, आत हवा नसते म्हणून तो पुरता कुजत नाही आणि त्यातला कार्बन वर्षानुवर्षं तसाच दबून राहतो. तो गाळ उकरला की सडक्या अंड्यांचा वास सुटतो. मला त्याची सवय आहे... तरी हा प्रकार आठवला की आजही घास तोंडातच फिरतो.

गेल्या उन्हाळ्यात सावित्रीच्या खाडीतून नमुने घेऊन वरंध घाटानं पुण्याला निघाले होते. वाटेत मार्गासनीला मामांकडे मुक्काम केला. नमुने म्हणजे चिखलानं गच्च भरलेले, बूच लावलेले पाईप. एकाचं बूच सैल झालं आणि गाडी नुसती घाणीनं भरली, म्हणून तेवढा एक ओट्यावर उभा करून ठेवला. सकाळी पाहते तर पाईप स्वच्छ धुऊन उपडा घातलेला!

"मामा, यातला चिखल कुठंय?"

"वाफ्यात टाकला की. काळाशार गाळ व्हता, वाया कशाला घालवायचा?"

आता यांना काय बोलणार? धरणाचं पाणी हटलं की आमच्याकडे ट्रॉल्या भरभरून गाळ शेतात नेतात. गाळ दिसला की मामांचा हात थांबत नाही. वाफा मेथीचा, अगदी विहिरीच्या काठाला. एक नमुना गेला म्हणून मी चडफडले आणि पुण्याला आले.

थोड्याच दिवसांत मामींचा फोन. "पोरी, विहिरीला लई घाण सुटलीया. म्हस पन तोंड लावंना. तू ये बाई."

त्या विहिरीवर तीन घरं पितात आणि उन्हाळ्यात दुसरं पाणी नाही. मी दुपारी पोचले. विहिरीत डोकावले, तर एरवी तळाला गेलेलं पाणी पार वरच्या पायऱ्यांपर्यंत चढलेलं. वर काळा तवंग, पिवळट फेस आणि तिवराची जाडसर पानं. पायरीवर एक निवटी बसली होती - खाडीच्या चिखलात सरपटणारा तो बुळबुळीत मासा - वटारलेल्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत. शी! आजवर हजार निवट्या पाहिल्या असतील, पण ही बघून मी तिथंच ओकले.

गाडीतल्या मीटरनं पाणी तपासलं. खाडीइतकंच खारं. पाईपभर चिखलानं अख्खी विहीर खारी होत नाही, हे मी तुम्हाला लिहून देते.

"संध्याकाळी उतरतंय बग ते," मामी म्हणाल्या. "रोज आसंच. चढतंय, उतरतंय."

खरंच उतरलं. मागं पायऱ्यांवर शेंबडासारखा काळा थर राहिला. मी मोबाईलवर सावित्रीच्या मुखाशी भरती-ओहोटी कधी, ते काढून पाहिलं. वेळ तंतोतंत जुळली. समुद्र घाटाच्या पलीकडे, खाली... आणि आम्ही इथं डोंगरात!

मामांचा चेहरा उतरला होता. "म्याच टाकला. तीन घरांचं पानी नासलं माज्यामुळं," एवढंच म्हणाले. मग स्वतः वाफा खणला, मेथीसकट माती घमेल्यात भरून माझ्या गाडीत ठेवली. "जितनं आणलंस तितं सोड." नमुन्यांचे नियम वगैरे काही सुचलं नाही. सगळं खाडीत नेऊन टाकलं.

वास गेला. रोजचं चढणं-उतरणं थांबलं. तिन्ही घरं पुन्हा पाणी भरू लागली. मला वाटलं, सुटलो.

परवा अवसेला सहज मार्गासनीला गेले. मामींनी चहा टाकला. विहिरीवर झाकण घातलेलं दिसलं, म्हणून विचारलं.

"अवस-पुनवंला येतंय अजून, दुपारचं. आमी पहाटंच भरून ठिवतो, ओहोटीला." ज्या बाईनं जन्मात समुद्र पाहिला नाही, ती बाई हे अगदी सहज बोलली.

चहा किंचित खारट होता. मामा समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होते, म्हणून किळस गिळत तो संपवला. कपाच्या तळाशी बारीक काळा गाळ बसला होता.

"पानी बरं हाय ना आता?" त्यांनी विचारलं.

"गोड आहे, मामा," मी म्हणाले. मामींनी कप पुन्हा भरला.