लाल गाडीची ओटी

देवीपुढे मी आजवर किती नवस बोलले, त्याची गणती देवीलाच ठाऊक. लेकीच्या लग्नाचा बोलले, ह्यांच्या बदलीचा बोलले, एकदा तर हरवलेल्या कुकरच्या शिट्टीचाही बोलले. (सापडली हो!) पण मोटारीने लिटरला जास्त किलोमीटर द्यावेत म्हणून एकवीरामातेला साकडं घालणारी बाई अख्ख्या धुळ्यात मी एकटीच असेन. "माते, गाडी दहाच्या वर जाऊ दे, तुला खापरावरचे मांडे करीन." आणि त्या नवसापायी मी जो काय घोळ घातला म्हणता! चहा गार झाला तरी चालेल, पण आधी ऐका.

तर आमच्या ह्यांची एक गाडी आहे. लाल, ठेंगणी, दोनच माणसांची, वरून उघडी. आमच्या लग्नाच्याही आधीची. तरुणपणी म्हणे शर्यतीत पळायची. पुढे शिरपूरला एका जिनिंगवाल्यांच्या गोदामात कापसाच्या गाठींमागे पडून होती. तिथून ह्यांनी ती ओढून आणली आणि स्वतःच्या हातांनी उभी केली.

या रविवारी प्लग, पुढच्या रविवारी कार्बोरेटर. माझी जुनी सुती पातळं सगळी तिचं अंग पुसण्यात संपली. थंडीत गोधडी तिच्यावर आणि मी चादरीत! रागावले का? छे हो. निवृत्त झालेली आमच्या गल्लीतली माणसं ओट्यावर बसून गुडघे मोजतात. आमचे हे गाडीखाली उताणे पडून गुणगुणत असतात. बाईमाणसाला आणखी काय हवं?

पण गाडी पेट्रोल प्यायची. अहो प्यायची म्हणजे काय, ढोसायची! आणि मधेच बंद पडायची. जळगावला दिलेली आमची लेक सोनल एक दिवस फोनवर म्हणाली, "पप्पा, लिटरला सहा देते ती. आणि पुन्हा कुठे भर उन्हात अडकलात म्हणजे? इथल्या भरतभाऊंना हवीय, त्यांच्या हॉटेलपुढे चौथऱ्यावर ठेवायला. लोक फोटो काढतील, ती पण सावलीत राहील."

त्या दिवशी वरणात मीठ टाकायला मी विसरले होते, तेही ह्यांना कळलं नाही. जेवण झाल्यावर म्हणाले, "धुळे ते जळगाव नेतो. लिटरला दहा दिले तर ठेवायची. नाही दिले तर तिथंच भरतभाऊंना किल्ली देऊन एस.टी.ने परत यायचं."

मग महिनाभर ह्यांनी तिची काय सेवा केली! हल्लीचं इथेनॉलवालं पेट्रोल जुन्या रबरी नळ्या खातं म्हणून नळ्या बदलल्या. प्लग घासले, टायरची हवा रोज तपासली. शेजारी विचारायचे, "वहिनी, लग्नबिग्न शे का घरमा?"

निघायचा दिवस उजाडला. हे आंघोळीला गेले आणि माझ्या मनात आलं, ही आज घरातून चाललीय, कदाचित कायमची. लेक सासरी निघाली की आपण ओटी भरल्याशिवाय पाठवतो का? मग हिला कशी रिकामी पाठवू?

पण मोटारीची ओटी भरायची कुठे, सांगा! सीटवर तांदूळ सांडले तर हे रागावणार. डिकीत? डिकी तर पाठीमागे, ओटी काय पाठीला भरतात? मी पुढचं बॉनेट उघडलं. आत इंजिनाच्या कुशीत एक गोल, जाळीदार डबा चकचकत होता. ह्यांनी आदल्या दिवशी घासून ठेवलेला. म्हटलं, हीच जागा! हळदीकुंकू लावलं. नव्या हिरव्या खणात तांदूळ, सुपारी, हळकुंड घातलं, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून तो खण त्या डब्याला दुहेरी गुंडाळून, पदर खोचावा तसा घट्ट खोचला. नारळ काही मावेना, तो माझ्या पिशवीत घेतला. डोळे पुसले, बॉनेट लावलं.

निघालो. टाकी काठोकाठ भरली. हे गाडी अशी चालवत होते, की जणू मांडीवर तान्हं बाळ झोपलंय. मी शेजारी जपमाळ घेऊन.

शहराबाहेर पडलो तोच ह्यांच्या कपाळाला आठी. "ओढ का नाही लागत हिला?"

"सकाळची वेळ आहे. अजून अंगात आलं नसेल," मी म्हटलं.

मागे काळा धूर. पेट्रोलचा वास. काटा आपला खाली, खाली.

"देवी आहे हो पाठीशी!"

"देवी पाठीशी आहे, पण पेट्रोल कुठे चाललंय?"

पारोळ्याला हे बॉनेट उघडायला उतरले. वाटेत ओटी सोडायची? घरी पोचल्याशिवाय लेकीची ओटी कुणी उकलतं का? मी म्हटलं, "आधी चहा!" चहा झाला, हे पुन्हा बॉनेटकडे. "अहो, सोनल वाट बघतेय!" बसले बिचारे.

एरंडोलला मात्र ऐकेचनात. हात बॉनेटच्या खटक्याला लागलाच. मला दुसरं काही सुचलं नाही हो, मी डोक्याला हात लावून म्हटलं, "मला कसंतरी होतंय. मळमळतंय."

झालं! बॉनेट राहिलं बाजूला. ह्यांचा चेहरा पांढराफटक. "काय होतंय? छातीत दुखतंय का? डावा हात?" मी नको नको म्हणतेय तोवर ह्यांनी सोनलला फोन लावला, "तुझ्या आईला बरं नाही. डॉक्टरांना घरी बोलावून ठेव!" आणि जी गाडी तान्ह्या बाळासारखी आणली होती, तिला अशी काही दामटली म्हणता की माझा अंबाडा सुटला!

"अहो, हळू! दहा पडायला हवेत ना!"

"खड्ड्यात गेले दहा! तू बोलत राहा माझ्याशी."

ज्या गाडीसाठी माणूस महिनाभर नीट जेवला नाही, तिच्याकडे एकदाही बघितलं नाही. सारखे माझ्याकडेच बघत होते. आणि मी ठणठणीत! लाजेने खरंच मळमळायला लागलं.

जळगावला सोनलच्या दारात डॉक्टर, सोनल, आणि फुलांचा हार घेऊन भरतभाऊ. हार गाडीसाठी होता हो! डॉक्टरांनी मला तपासलं आणि म्हणाले, "काकूंना काही झालेलं नाही. थोडा पेट्रोलचा वास नाकात गेलाय."

मग हे जाऊन पंपावर टाकी पुन्हा भरून आले. गाडीतून उतरून हळूच म्हणाले, "पाच."

ह्यांनी किल्ली काढली, शर्टाच्या बाहीने दिव्यावरची धूळ पुसली आणि किल्ली भरतभाऊंपुढे धरली. सोनलचेच डोळे भरून आले.

भरतभाऊ म्हणाले, "काका, इंजिन तं दखाडा एकदाव." आणि बॉनेट उघडलं.

आत हिरवा खण! काठ काळे पडलेले, आणि अर्धे तांदूळ भाजून लाह्या झालेले.

हे वाकले. बघत राहिले. मग माझ्याकडे वळले. "अगं, हा एअर फिल्टर आहे! इथून श्वास घेते ती! नाकाला कापड बांधून तू तिला नव्वद किलोमीटर पळवलीस?"

"ओटी भरली हो," मी कशीबशी म्हणाले. "लेक सासरी चाललीय असं वाटलं."

सोनल आधी हसली, मग तिथेच पायरीवर बसून हसली. "आई, ओटी भरलीस तर ती दोन जिवांचं खाणारच ना! मग पेट्रोल पुरेल कसं?"

ह्यांना हसू आवरेना, आणि डोळ्यांतून पाणीही थांबेना. भरतभाऊंनी किल्ली परत ह्यांच्या हातात ठेवली, हार मात्र गाडीला घातला. म्हणाले, "न्या काका घर. आमनाकडे ओटी भरेल बाईले माहेरलेच धाडनं पडस!"

दुसऱ्या दिवशी परत निघालो तेव्हा ह्यांनी मला इंजिनाच्या आसपास फिरकू दिलं नाही. गाडी अशी सुसाट, हलकी चालली! धुळ्यात टाकी भरली, तर लिटरला साडेअकरा. सोनलने फोनवर एवढंच विचारलं, "मग पुढच्या महिन्यात याच गाडीने येताय ना?"

मांडे केले, नवस फेडला. नंतर तो खण तीनदा धुऊन मी त्याचं ब्लाउज शिवलं. ते घातलं की अजून पेट्रोलचा मंद वास येतो, आणि हे चहाचा कप हातात घेऊन विचारतात, "आज लिटरला किती देतेस?"

तर बायांनो, तुमच्याही घरी कुणाचा असा एखाद्या यंत्रात जीव अडकला असेल, तर माझ्यासारखा त्याच्यासाठी एक नवस नक्की बोला. ओटीही भरा, हात आखडता घेऊ नका. फक्त ती यंत्रबाई नाक कुठे ठेवते, तेवढं आधी विचारून घ्या!