तोवे रास्कने घेतलेलं नाव

तोवे रास्क बेकरीत उभी राहून म्हातारी झाली. आमच्या गावातल्या निम्म्या मुलांच्या वाढदिवसाचा केकचा माणूस तिच्याच हातचा. गोड पिठाचा हा माणूस चांगला हातभर लांब असतो, त्याला गोळ्यांची बटणं आणि ज्येष्ठमधाच्या काळ्या, दोरीसारख्या गोळ्यांचे केस लावतात. ज्याचा वाढदिवस असेल तो त्याचा गळा कापतो आणि त्या क्षणी बाकीच्या पोरांनी कानठळ्या बसेपर्यंत किंचाळायचं असतं.

शाळेतल्या मुलांचा मुलांकडूनच होणारा छळ थांबवण्यासाठी आमची एक छोटी संस्था आहे. तोवे संस्थेच्या मंडळावर बरीच वर्षं होती. मानधन कुणालाच नाही. कॉफी मिळते, पण ती आमचा अध्यक्ष हेनिंग करतो, त्यामुळे न मिळाली तरी चालतं. हेनिंग दातांचा डॉक्टर आहे, आणि मी कार्यवाह. तोवे बैठकीत फार बोलायची नाही. पण वाढदिवसाला वर्गातल्या सगळ्यांना बोलवायचं, एकालाही गाळायचं नाही, हा नियम तिनेच हट्टाने करून घेतला. तिच्या धाकट्या भावाला लहानपणी कुणी बोलवत नसे. मोठा झाला तरी तो लोकांत मिसळला नाही, आणि एक दिवस त्याने स्वतःला संपवलं. याहून जास्त ती त्याच्याबद्दल सांगत नसे. गावातल्या सगळ्या शाळांनी नियम मान्य केला त्या दिवशी ती बैठकीतून उठून बाहेर गेली आणि डोळे पुसून परत आली.

मग सोल्वायचा वाढदिवस आला. ही मुलगी त्याच वर्षी गावात राहायला आलेली, तोवेच्या नातवाच्या, म्हणजे माल्टेच्या वर्गात. आईने अख्ख्या वर्गाला बोलावलं आणि त्या बेताने मोठा केकचा माणूस सांगितला. तोवे तो पोचवायला गेली तर टेबलावर कागदी झेंडे मांडलेले, आणि खोलीत सोल्वाय आणि तिची आई, एवढ्याच दोघी. यायची वेळ केव्हाच टळून गेली होती.

"रस्त्यात असतील," आई म्हणाली.

रस्त्यात कुणी नव्हतं. शेवटी सोल्वायने सुरी उचलली. आई किंचाळली, मग तोवेही किंचाळली.

"आम्ही दोन बायका ओरडलो गं," तिने मला नंतर सांगितलं. "आणि ती पोर आमचीच समजूत घालत होती. म्हणे, छान ओरडलात."

बाहेर येऊन तिने लेकीला, पेर्निलेला, फोन लावला.

"माल्टे कुठाय?"

"घरीच. का गं?"

"सोल्वायकडे का नाही गेला?"

"त्याला जावंसं नाही वाटलं, आई. त्या मुलीशी कुणाचंच जमत नाही. आता मी काय बखोटीला धरून नेऊ त्याला? मुलांवर जबरदस्ती नको, तुमच्या संस्थेच्याच पत्रकात आहे ना!"

होतंच ते पत्रकात. आमच्याकडे मूल बोलायला लागल्यापासून त्याला विचारतात, तुला काय वाटतं राजा, आणि त्याला जे वाटेल त्यापुढे सगळे माना डोलावतात. बोलवायची सक्ती आम्ही केली आणि जाणं ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडलं. यात काही राहून गेलंय, हे मंडळातल्या एवढ्या शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

पुढच्या बैठकीत हेनिंग वार्षिक अहवाल वाचत होता. नियम यशस्वी झाला, आता गावात एकही मूल वगळलं जात नाही.

"खोटं आहे," तोवे म्हणाली. तिने झालेलं सगळं सांगितलं, मुलीचं नाव न घेता.

हेनिंगने चष्मा काढला. "तोवे, एकेका घरचं इथे नको. मुलांची नावं घ्यायची नाहीत, हे ठरलंय आपलं."

"जिच्यावर बेतलं तिचं नाहीच घेत. जो गेला नाही त्याचं घेते. माल्टे रास्क. माझा नातू."

आमच्याकडे मतभेद झाला की कुणी आवाज चढवत नाही, नुसते कॉफीत बघत बसतात. तसे बसले सगळे. मग हेनिंग अगदी हळू बोलला. "माझी मुलगीही त्याच वर्गात आहे. मीच तिला म्हणालो, तुझी इच्छा." अहवालातलं ते वाक्य त्याने स्वतःच्या हाताने खोडलं.

पेर्निलेला हे कळलं तेव्हा ती आईवर भडकली. "चारचौघांत माझ्या पोराची अब्रू काढलीस!" रविवारचं एकत्र जेवण बंद झालं. तोवेला ते फार लागलं. तरी एका शनिवारी ती लेकीच्या दारात उभी राहिली. "माल्टेला सोल्वायकडे घेऊन जाते. त्याला वाटो न वाटो." पेर्निलेने पोराचा कोट आणून दिला.

गाडी मी चालवत होते. माल्टे वाटभर गाल फुगवून बसला होता. सोल्वायनेच दार उघडलं. तिने आजीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"तू स्वतःहून आलास?"

पोरगा थाप मारेल असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्याने ती मारावी असंही वाटलं.

"नाही," माल्टे म्हणाला. "आजीने आणलं."



"चालेल," ती म्हणाली आणि दारातून बाजूला झाली. "किती वेळ थांबायला सांगितलंय?"