पलीकडच्या पत्त्यावर मागवलेलं कानाचं मशीन

नवापुरात राहून ज्याचा पलीकडे एकही ओळखीचा माणूस नाही, त्याला आमचे वडील, म्हणजे अण्णा, बिनकामाचा समजतात. पलीकडे म्हणजे गुजरातेत. विक्रीकराच्या काळात दोन राज्यांचे दर वेगळे असायचे, तेव्हा अण्णांनी पंखे, मिक्सर, एकदा तर अख्खं कपाट तिकडून आणलं होतं. पुढे जीएसटी आला आणि देशभर दर सारखा झाला. ही बातमी अण्णांना कुणी दिली नाही असं नाही. त्यांनी ती घेतली नाही.

आईला ऐकू येईनासं झालं होतं. त्याच सुमारास बहीण तान्ह्या लेकीला घेऊन सुरतेहून राहायला आली. पोरीची दिवसभर बडबड चालायची आणि आई तिच्या ओठांकडे बघत बसायची.

"काय म्हनी ऱ्हायनी?" ती मला विचारायची. मी काय सांगणार, बा बा बा? बहीण परत जायच्या आत कानाचं मशीन यावं, एवढंच आईचं मागणं होतं.

डॉक्टरांनी सुचवलेलं मशीन अहमदाबादचा एक दुकानदार ऑनलाइन विकत होता. मी घरचा पत्ता टाकायला लागलो, तर अण्णांनी फोनवरच हात ठेवला.

"उच्छलना पत्ता टाक. माल गुजरातना, लेनारबी गुजरातना. मंग आपला राज्याना टॅक्स लागस नही."

उच्छल म्हणजे हद्दीपलीकडचं गाव. तिथे अण्णांच्या मित्राचं किराणा दुकान आहे. मी समजावलं की माल राज्यातल्या राज्यात गेला तर कर दोन भागांत दाखवतात, हद्द ओलांडली तर एकाच आकड्यात, पण बेरीज तीच येते. वाटणी कशी करायची ते सरकारं बघतात, आपल्या खिशाला फरक नाही. अण्णांनी माझी कीव केली.

अण्णांचा हात फोनवर गेला की विषय कसला असतो, हे आईला न ऐकताही कळतं. ती मोठ्यांदा म्हणाली, "या मशीनवर टॅक्स लागसच नही. डॉक्टरनी मन्हा तोंडसमोर बठीसन सांगं माले."

"तुले काय आयकू येस?" अण्णा म्हणाले. तिला हेही ऐकू आलं नाही, म्हणून वाद तिथेच मिटला. पत्ता उच्छलचा गेला.

पार्सल वेळेवर पोचलं. मित्राने ते दुकानात नीट ठेवलं, शटरला कुलूप लावलं आणि तो पुतण्याच्या लग्नाला भावनगरला गेला. अण्णा मोटारसायकल घेऊन दोनदा त्या शटरचं दर्शन घेऊन आले. पेट्रोल तिकडे स्वस्त म्हणून दोन्ही वेळा टाकी मात्र भरून आणली. इकडे जावई आले आणि बहीण लेकीला घेऊन सुरतेला गेली. स्टेशनवर आईने नातीला गाडी हलेपर्यंत सोडलं नाही. मला अण्णांचा संताप आला होता.

मग लग्न आटोपून मित्र परतला आणि मशीन घरी आलं. कानात घातल्यावर आई आधी पंख्याच्या आवाजाला दचकली. लगेच तिने मला बहिणीला फोन लावायला लावला, पण पोरगी झोपली होती.

तेवढ्यात ओट्यावरून अण्णांचा आवाज आला. शेजाऱ्याला ते टॅक्स कसा वाचवला ते सांगत होते. आईने सगळं ऐकून घेतलं. मग ती दारात गेली आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा हळू आवाजात बोलली. "मी तुमले पह्यलेच सांगेल व्हतं. यावर टॅक्स नही."

अण्णांनी चष्मा लावून बिल बघितलं. कराच्या रकान्यात शून्य होतं. मला वाटलं, आता तरी हा माणूस गप्प बसेल. अण्णांनी बिल शेजाऱ्यापुढे धरलं.

"देख. उच्छलना पत्ता टाका म्हनीसन शून्य उना."

आई आत आली. तिने मशीन कानातून काढलं, डबीत ठेवलं आणि डबी माझ्या हातात दिली.

"पोर उठनी म्हंजे माले सांगजो," ती म्हणाली.