शेजारून आलेला चहा

आईच्या अंगावरून वारं गेलं आणि डॉक्टरांनी तिचा चहा बंद केला. चहाच नव्हे, पाणी, वरण, ताक, जे जे म्हणून पातळ ते सगळं. गिळायच्या नसा ढिल्या पडल्यात, पातळ घोट चुकून छातीत उतरला तर निमोनिया होईल आणि या वयात तो झेपायचा नाही, असं त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. मला समजलं होतं. समजत नव्हतं ते आईला. कामठ्याहून फुलचूरला माझ्या घरी आणल्यापासून तिचं एकच पालुपद. तोंड वाकडं, जीभ जड, बोलणं तुटक, पण तेवढे दोन शब्द स्पष्ट: "चाय दे."

मी काही कमी खटपटी केल्या नाहीत. मेडिकलमधून घट्ट करायची पावडर आणली, तर चहाची खळ झाली. मग तांदळाचं पीठ लावून पाहिलं. आईने चमचाभर जिभेवर घेतलं, डोळे मिटले आणि सगळं माझ्या पदरावर थुंकलं. "हे पेज हाय," ती म्हणाली. होतीच ती पेज. जिच्या हातच्या चहासाठी लोक वाट वाकडी करून यायचे, तिला मी काय फसवणार होते?

त्यात भेटायला येणारे. धान कापून झालेलं, माणसं मोकळी. कामठ्याहून रोज कोणी ना कोणी टपकायचं. आमच्याकडे बिमार माणसाला बघायला आलेला चहा घेतल्याशिवाय उठत नाही, त्याला उठूही देत नाहीत. म्हणजे हे लोक आईच्या उशाशी बसून, बशीत ओतून, फुर्र फुर्र करत प्यायचे आणि वर तिलाच विचारायचे, "जेवून राहिली का बराबर?" ती त्यांच्याकडे नाही, बशीकडे बघायची. ती बशी हिसकावून अंगणात भिरकावून द्यावीशी वाटे मला.

शेवटी मी युक्ती काढली आणि तीच अंगाशी आली. शेजारच्या वहिनींना सांगितलं, पाहुणे आले की चहा तुमच्याकडे करा, किटलीत घालून मागच्या दाराने आणा, आम्ही व्हरांड्यात पिऊ. आईला वासही यायला नको. माझ्या घरी चहाचा गंज, म्हणजे पातेलं, गॅसवर चढणंच बंद झालं.

काही दिवस बरं चाललं. मग एका दुपारी काकू, म्हणजे आईची धाकटी जाऊ, भेटायला आली आणि आईजवळच बसली. वहिनी बिचाऱ्या घाईत पुढच्या दाराने आल्या, थेट आईच्या पलंगासमोरून, हातात किटली.

"कोन मेलं?" आईने विचारलं.

वहिनींनी किटली पदराआड केली.

"शेजारच्या घरून चाय येऊन राहिली. कोन मेलं घरात?"

ज्या घरी मयत होते त्या घरची चूल पेटत नाही, शेजारपाजारचे चहा करून किटलीने पोचवतात. आईने स्वतः किती घरी अशा किटल्या नेल्या असतील. आणि मी अक्कलशून्य, रोज तिच्या डोळ्यांआड तेच करत होते. "कोणी नाही गं, सिलिंडर संपलं," मी म्हटलं. काकूनेही मान हलवली. आईला ते पटलं नाही. पडल्या पडल्या ती विचार करत राहिली. संध्याकाळी मी भाताची मऊ गुरगुटी घेऊन बसले तर ओठ घट्ट.

"मीच मेली," ती म्हणाली. "मेलेल्या मानसाले कायले चारून राहिली?"

दुसऱ्या दिवशीही तेच. डॉक्टर फोनवर म्हणाले, पोटात काही जात नसेल तर भरती करा, नाकातून नळी घालू. बिरसीच्या विमानतळावरची शिकाऊ विमानं घरावरून घरघरत होती आणि मी आईसमोर हात जोडून बसले होते. रडले, ओरडले, तिच्या तोंडात बळजबरीने चमचा घालायला गेले. तिने दात उघडले नाहीत. ही अशीच माझ्यासमोर वाळत जाणार, आणि तेही माझ्या शहाणपणामुळे, या विचाराने मी वेडी व्हायची बाकी होते.

मग उठले, विजेची शेगडी तिच्या खोलीत आणली आणि पलंगाशेजारच्या स्टुलावर मांडली. "बघ, आपल्याच घरी चहा चढला. तू सांग, मी करते."

तिने मान शेगडीकडे वळवली. मग म्हणाली, "पानी ठेव. अद्रक कूट. किसू नोको."

मी आलं ठेचून टाकलं, साखर टाकली. तिने डोळे मिटले. पाणी कुजबुजायला लागलं तशी मी डब्याला हात घातला. "थांब." पाणी खळखळलं. "आता पत्ती." दुसऱ्या भांड्यातलं दूध गरम आहे का, ते तिने विचारून घेतलं; थंड दूध ओतलं की चहा बसतो म्हणे. ओतल्यावर रंग चमच्यात घेऊन दाखवायला लावला. "अजून." एक उकळी आली, मी गंज उचलून धरला. पुन्हा दाखवला. "झाकून ठेव आता." खोलीभर वास पसरला होता, आणि तिच्या वाकड्या तोंडावर जे काही होतं त्याला मी हसूच म्हणेन.

"कोणाला देऊ?"

"तू पी."

मी कप हातात घेतला, दुसऱ्या हातात गुरगुटीची वाटी. "तू एक चमचा खा, मी एक घोट पिते."

तिने तोंड उघडलं.

मी घोट घ्यायचे, ती माझ्या गळ्याकडे टक लावून बघायची; घोट खाली उतरला की आ करायची. एवढा चांगला चहा माझ्या हातून कधी झाला नव्हता, आणि मला तो गिळवत नव्हता. पण वाटी रिकामी होत होती, म्हणून पीत राहिले. शेवटचा चमचा गेला तेव्हा मी मनातल्या मनात देवाला हात जोडले आणि तिचं तोंड पुसलं.

तिने चांगला असलेला हात पुढे केला.

"आता मले दे."

"आई…"

"सारं खाल्लं नं मी."

मी रिकामा कप तिच्या हातात ठेवला. तिने तो ओठांना लावून उलटा केला आणि तसाच धरून ठेवला.